हरलो तो मी

दूध गॅसवर होतं आणि प्रशिक्षकांचा चष्मा सापडत नव्हता.

"हा चष्मा जागेवर राहतच नाही," ते म्हणाले, जणू त्याला पाय फुटले होते. बायकोने तो त्यांच्या कपाळावरून खाली ओढून नाकावर ठेवला.

घरात एकही चूक त्यांच्या नावावर नव्हती. भाजी करपली तर कढई पातळ, उशीर झाला तर घड्याळ मागे. मैदानावर मात्र सगळं उलटं. कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला की "पोरं जिंकली", हरला की "मी हरलो". जिंकणं अनेकवचनी, हरणं एकवचनी. असलं व्याकरण तिने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

दार वाजलं. प्राचार्य होते. आत येता येताच म्हणाले, "वहिनी, चहा नको." म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सर, कालच्या हरण्याचा संचालक मंडळ जाब मागतंय. बरोबरी असताना गोलकीपर गोल सोडून पळत सुटलाच कसा? त्याला संघातून काढलं म्हणा, विषय मिटेल. नाहीतर तुमच्या नोकरीवर येईल."

"त्याला मी बोलावलं."

"तो तर म्हणतो, मलाच वाटलं पुढे जावं."

"खोटं बोलतो. मला वाचवतोय."

"मग बोलावलंत कशाला?"

प्रशिक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करू लागली. काल गोलच्या मागे बसून तिनेच डबा उंचावून दाखवला होता. यांनी "इकडे आण" म्हणून हात हलवला. मधे उभा गोलकीपर. आज्ञाधारक पोरगं, आलं धावत. मागे जाळी रिकामी.

"हिला बोलावत होतो," ते म्हणाले. "भूक लागली होती."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. "हे मी मंडळाला सांगू? डबा?"

"अहो, डबा आधी मी दाखवला," बायको म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. तू संघात नाहीस."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दूध उतू गेलं होतं.

"तो गॅसच..." प्रशिक्षक सवयीने म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. बायको हसू दाबत आत पळाली.

गॅस बंद करून ती परत आली तेव्हा प्राचार्य उठले होते. "तुम्ही राहाल की जाल, माझ्या हातात नाही. पण तुमचं काही म्हणणं असेल तर पोचवतो."

"एकच," प्रशिक्षक म्हणाले. "शनिवारी गोलात त्यालाच उभं राहू द्या."