बोटीला नाही कोण म्हणालं

आमच्या नात्यात कुठेही लग्न असो, पंगत बसली की कोणी ना कोणी माझ्या बायकोला विचारतंच, "काकू, काकाजीले बोटीत राहू नाही देल्लं म्हणे तुमी?" सगळी पंगत हसते. ही वाढणाऱ्यापुढे ताट सरकवते आणि म्हणते, "भाजी दे बाप्पा थोडी." मी मान खाली घालून वरणात भात कालवत राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय सोसलं असेल या माणसानं.

काही सोसलं नाही. बोटीला नाही म्हणणारी ही नव्हती, मी होतो. इतकी वर्षं सांगायचं राहून गेलं असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. मी सांगितलं नाही, कारण न सांगण्यात माझी फार चांगली सोय होती.

मी अमरावतीला शाळेत भूगोल शिकवायचो. भरती-ओहोटी, खाड्या, व्यापारी वारे, सगळं फळ्यावर. खरा समुद्र पाहिला तो एका सहलीत, तोही पोरं मोजता मोजता. निवृत्त झाल्यावर मुलानं मोठा मोबाईल घेऊन दिला आणि त्यात एक दिवस परदेशातले एक नवरा-बायको दिसले. त्यांनी घर विकून स्वतःच्या हातांनी बोट बांधली होती आणि ते तिच्यातच राहत होते. बाईनं बोटीच्या छपरावर टमाटे लावले होते. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि शेवटी चहा घेताना जाहीर केलं, "आपण बोट बांधू. मोर्शीकडच्या धरणावर राहू."

आमच्याकडे पुरुषाचं स्वप्न बायकोच्या नकारावर उभं असतं. कोणाला हिमालयात जायचं असतं, कोणाला नोकरी सोडून तबला शिकायचा असतो. 'काय करू, घरातून परवानगी नाही' एवढं म्हणता आलं की स्वप्न जन्मभर टिकतं आणि हातपाय हलवावे लागत नाहीत. मीही तिच्या नकाराच्या पुऱ्या भरवशावर बोललो होतो.

ती म्हणाली, "चाला. कधी निघाचं?"

मला चहाचा ठसका लागला.

पुढच्या आठवड्यात तिनं तरणतलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. त्या वयात. गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षानं जायची, ओल्या केसांनी यायची आणि मला सांगायची, "पाण्यात आपलं वजनच नाही लागत हो. इतले दिवस उगाच उचलून राहिली होती मी." मग तिनं माळ्यावरची पातेली काढली आणि गल्लीत वाटून टाकली. बोटीत एवढी कशाला लागतात, म्हणाली.

माझ्या हातात फक्त बोटीचा नकाशा काढायचं काम होतं, तेव्हा मी तेच लांबवायचं ठरवलं. त्या कामी माझा साळा धावून आला. तो अकोल्याचा. तिथे नळ कधी येईल याच्यावर लोकांच्या लग्नाच्या तारखा ठरतात, त्यामुळे दाराशी धरणभर पाणी असलेल्या घराचं त्याला भारी अप्रूप. आल्या आल्या त्यानं विचारलं, "भाऊजी, पाव्हणे कुठं झोपतीन?"

वऱ्हाडात या प्रश्नाला उत्तर नसलेलं घर बांधता येत नाही. नवराबायकोपुरती बोट होती, तिला पाहुण्यांची खोली निघाली. पाहुणे आले म्हणजे त्यांची पोरं आली, म्हणून पडवी. मग म्हणाला, "दार पूर्वेले पाह्यजे."

"अरे, बोट फिरते."

"फिरो ना. बांधताना पूर्वेले होतं का, एवढंच पाह्यतेत."

त्यानंतर देवघर, धुण्याचा दगड, संडास दोन, एक देशी आणि एक गुडघेवाल्यांसाठी. मग अडलं ते रोडग्यांवर. कणकेचे ते गोळे गवऱ्यांच्या आरात भाजल्याशिवाय आमच्याकडे कोणताही आनंद पक्का धरत नाहीत, आणि लाकडाच्या बोटीत आर करायचा कुठे? साळा बेचैन झाला. मी मात्र त्याच्या प्रत्येक शंकेनं सुखावत होतो. दर शंकेला नवा नकाशा, दर नकाशाला एक महिना.

एका दुपारी हिनं चष्मा लावून तो कागद पाहिला. "हे तं मंगल कार्यालय झालं," म्हणाली. मग माझीच पेन्सिल घेऊन तिनं सगळं खोडलं. एक बाज आणि एक शेगडी ठेवली. "पाव्हणे काठावर झोपतीन. सतरंजी देऊ. रोडगेबी काठावरच. आता पहिले एकडाव बसून तं पाहू डोंग्यात."

धरणावर मासे धरणाऱ्या एका माणसाचा डोंगा होता. ही पदर खोचून त्यात जाऊन बसली. मी एक पाय काठावर ठेवला, एक डोंग्यात. डोंगा हलला. पृथ्वीच्या तीन चतुर्थांश भागाविषयी मी उभी नोकरी बोललो होतो, पण तो पायाखालून सरकतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी काठावरच्या चिखलात बसलो आणि म्हणालो, "तू ये जाऊन. मी चपला पाहतो."

ती गेली. बरंच आत गेल्यावर मला दिसलं, वल्हं तिच्या हातात होतं. परत आली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती आणि त्या माणसाला विचारत होती, वारं कोणीकडून येतं, वादळ आलं तर डोंगा कुठं बांधता.

परतीच्या मोटारीत साळ्याचा फोन आला. "काय भाऊजी, जमलं का?"

मी म्हणालो, "काय जमते रे. तुही बहीण घाबरते पाण्याले."

ती माझ्या बाजूलाच बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तोंड खिडकीकडे केलं. बाहेर संत्र्याचे बगीचे होते. घर येईपर्यंत ती ते पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत अमरावती आणि अकोला दोन्हीकडे बातमी पोचली होती. त्यानंतर ती तरणतलावावर गेली नाही.

माझं मात्र भलं झालं. मला 'बोटवाले गुरुजी' म्हणू लागले. स्वप्न मोडलेल्या माणसाला आपल्याकडे जो मान आहे, तो पुरं केलेल्याला नाही. एका शाळेनं 'मोठी स्वप्नं पाहा' या विषयावर बोलायला बोलावलं, आणि मी बोललो. शाल मिळाली. ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. इतरांपेक्षा कमी नाही, जास्त नाही.

यंदा साळ्यानं पातूरकडच्या शेतात रोडगे केले. सगळं गणगोत झाडाखाली बसलं होतं. एका नव्या सुनेला एक मावशी सांगत होती, "नवऱ्याच्या मनासारखं वागजो वं बाई. या तुह्या आत्यासारखी बोट बुडवू नोको." सून हसली. ही अर्ध्या जेवणावरून उठली आणि पाणी आणायला म्हणून विहिरीकडे गेली. पाण्याचे तांबे भरलेले समोरच होते.

ती परत येईपर्यंत मी थांबलो. मग उभा राहून सगळं सांगितलं. घाबरलो मी होतो, हिनं डोंगा चालवला, फोनवर मी खोटं बोललो.

मग साळ्यानं डोळे पुसले. "याले म्हणतेत माणूस! बायकोसाठी आळ आपल्या अंगावर घेतला." मावशी हिला म्हणाली, "पाह्य, कसा देवमाणूस भेटला तुले. आतातरी सुधर." कोणीतरी मागून बोललं, काकूनंच बोलाले लावलं असंल. साळ्यानं माझ्या ताटातल्या रोडग्यावर तुपाची वाटी उपडी केली.

घरी येताना मोटारीत ती बोलली. "अशीच मोटार होती. मी बाजूलेच बसून होती. तवा बोलाचं होतं."

"तू काहून नाही बोलली मग?"

"मले वाटलं, घरी गेल्यावर तुमी खरं सांगसान. मंग वाटलं, उद्या सांगसान." मग म्हणाली, "सांगून कोणी मानत नाही आता. दाखवा लागते. माह्या भावाले बलावा."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं धरणावर गेलो. ही एकटी डोंग्यात बसली आणि तिनं वल्हं मागून घेतलं. साळा म्हणाला, "भाऊजी, बसा ना." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक पाय आत टाकला. तो परत घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. लाज वाटली तरी घेतला. त्याचा खांदा मी इतका आवळला होता की त्यानं माझा हात दोन्ही हातांनी धरला.

"भाऊजी, तुमी तं खरंच घाबरता."

"हो."

"म्हणजे आमची बाई कधीच 'नाही' म्हणाली नव्हती?"

"नाही."

ती एव्हाना पाण्यात आत गेली होती. साळा बूट काढून ओरडला, "बाई, थांब वं! मले बी घे!"

तिनं वल्हं थांबवलं, पण डोंगा वळवला नाही. "इतली वर्षं हसला नं?" तिचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "उभा राह्य मंग तिथंच, भाऊजीजवळ."

आम्ही दोघं काठावर उभे राहिलो.