सबनीसकाकांचं पाहुण्यांचं घर

सबनीसकाकांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गरम बटाटेवड्यांचा ट्रे स्पेनवर ठेवला. झालं असं, की अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आम्हा मराठी लोकांचा पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं पदार्थ आणायचं जेवण, काकांच्या गॅरेजमध्ये होता. टेबलं भरलेली होती आणि कोपऱ्यात दोन स्टुलांवर एक जाडजूड फळी आडवी टाकलेली होती. मला वाटलं, हेही टेबलच. ट्रे उचलला तर लाकडावर भला मोठा तेलकट डाग. माझ्या बायकोनं, मीनलनं, माझ्या हातात पेपर नॅपकिन कोंबला.

"असू दे," काका म्हणाले. "खिडकीची झडप आहे ती. तिनं तुझ्या वड्यांहून वाईट दिवस काढलेत."

"कुठली खिडकी?"

"स्पेनमधली. आधी खा, मग सांगतो."

काका पुलांचे इंजिनिअर, रिटायर झालेले. स्पेनच्या आतल्या भागात, झारागोझा शहरापासून दूर डोंगरात, त्यांनी आणि सुमनकाकूंनी एक जुनं दगडी घर घेतलं होतं. गावातली निम्मी दारं कायमची बंद, तरुण पोरं शहरात गेलेली. घर हेरलं काकूंनी. तळमजल्यावर पूर्वी खेचरं बांधत, तिथे स्वयंपाकघर करायचं आणि वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या, हा बेतही त्यांचाच. छप्पर पुरं व्हायच्या आधी काकू गेल्या. पुढचं सगळं काकांनी एकट्यानं केलं. उन्हाळाभर तिकडे राहायचे आणि येताना सामानात काहीतरी मोडकं घेऊन यायचे. "घर रिकामं ठेवलं की माणसाच्या आधी म्हातारं होतं," असं म्हणत ते हिवाळाभर ते मोडकं तासत बसायचे.

घर सुरू झालं त्या उन्हाळ्यात आम्हीही जाऊन राहिलो. हातभर जाड भिंती, दुपारीसुद्धा गार अंधार आणि बाहेर शांतता इतकी, की माझं घोरणं म्हणे शेजारच्या पिलारआजींपर्यंत पोचायचं. शहरातलं एक जोडपं वरच्या खोलीत उतरलं होतं. दोघं अंगणात गप्प बसलेली. काका थालीपीठ घेऊन हजर. बाई हसून "नो, ग्रासियास" म्हणाली.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लाजतायत."

"काका, खरंच नको असेल त्यांना."

"पहिलं नको खरं धरायचं नसतं. तुमच्या पिढीला एवढंही शिकवलं नाही का कुणी?"

मग दुसऱ्यांदा गेले, लोणी घेऊन. तिसऱ्यांदा लोणचं घेऊन. ज्या गावात लोक रात्री दहाला जेवतात आणि सकाळी उशिरा उठतात, तिथे काकांनी सातला त्यांचं दार वाजवलं. हातात कांदेपोहे. तिसऱ्या दिवशी जोडपं निघून गेलं, एक दिवस आधीच. काकांनी वाटेसाठी डबा दिला. तो त्यांनी घेतला आणि पिलारआजींच्या ओट्यावर ठेवून गेले.

त्यांनी नेटवर लिहिलं, 'घर सुंदर, पण मालक पाठ सोडत नाहीत.' तसंच आणखी चार-पाच जणांनी लिहिलं. बुकिंग थांबलं. काकांची मुलगी रश्मी अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. ती येऊन म्हणाली, "बाबा, दे केम फॉर द क्वाएट. यू वोन्ट लेट देम हॅव इट."

"घरी आलेल्या माणसाला विचारायचं नाही?"

"एकदा विचारा. मग थांबा. नाहीतर घर विकू या."

विकायला काका तयार नव्हते. काकूंनी पाहिलेलं घर ते. शेवटी ठरलं, की एक सीझन काका श्रूजबरीतच राहतील आणि किल्ली पिलारआजी देतील.

घर धो धो चाललं.

काका फोन लांब धरून लोकांचे अभिप्राय बघायचे आणि मग मला वाचायला द्यायचे. 'पूर्ण शांतता.' 'कुणी भेटलंसुद्धा नाही, अगदी हवं तसं.'

"चांगलं लिहिलंय ना?"

"फारच चांगलं, काका."

"हं. हिला आवडलं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात मी विचारलं, "जाऊन नाही येणार?" म्हणाले, "खोल्या भरल्यात. मला कुठे जागा?"

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. घर रश्मीनं ठेवलंय आणि ते भरलेलं असतं. काका जायच्या आधी, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांच्याकडे जायचं तर पोटात जागा ठेवून जायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे घरून चहासुद्धा न घेता निघालो होतो.

"चहा घेणार?" काकांनी विचारलं.

"नको काका, आत्ताच झाला," मी म्हणालो. असंच म्हणायचं असतं.

"बरं," काका म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

आम्ही वाट पाहिली. पातेलं काही वाजलं नाही. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग त्याही संपल्या. ते दारापर्यंत पोचवायला आले, पण बसा म्हणाले नाहीत की हातावर काही ठेवलं नाही. आमच्या ड्राइव्हवेत गाडी बंद केली तरी मीनल उतरेना.

"आपण नको म्हणालो," ती म्हणाली, "आणि त्यांनी ऐकलं."