सही की चेहरा?

फ्रेमवाल्या भाऊंनी काच आणि फोटो यांच्यामध्ये पातळ पातं सरकवलं, आणि मी श्वास रोखून धरला. मोटारशर्यतीतल्या एका जगप्रसिद्ध ड्रायव्हरचा तो फोटो. खाली काळ्या शाईत त्याची सही. त्याच्या सहीची टोपी, हातमोजा, शर्यतीचं तिकीट असं बरंच मी जमवलंय, पण समोर उभं राहून घेतलेली सही ही एकच. रत्नागिरीच्या दमट हवेत फोटो काचेला घट्ट चिकटला होता.

"सगळा निघायचा नाही," भाऊ म्हणाले. "एका बाजूने सोडवला तर दुसरी फाटणार. बोला, सही वाचवू की चेहरा?"

माणूस जमवायला निघावं आणि हाती कागद, कापड नि शाईच यावी, हे मला आजवर कधी खटकलं नव्हतं. वीस वर्षं तो चेहरा भिंतीवरून माझ्याकडे बघून हसतोय, आणि आल्यागेल्याला मी आमची भेट रंगवून सांगतोय. खरं तर त्या दिवशी त्याने मान वर केलीच नव्हती. रांग मोठी होती. मला दिसला तो फक्त त्याचा हात, अंगठ्यापाशी घट्टा पडलेला, मी पुढे केलेल्या फोटोवर क्षणभर टेकलेला.

"लवकर सांगा, हात अवघडला माझा."

"सही," मी म्हणालो.

भाऊंनी पातं फिरवलं. कागद चरचरला, तेव्हा मी त्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्याने तरी माझ्याकडे कुठे बघितलं होतं?