रविवारची सवत

नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. आम्ही तेव्हाही इथेच, इंग्लंडात साउथहॅम्प्टनला राहत होतो आणि मला एक सवत होती... नदी!

माझा नवरा श्रीकांत हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. रिटायर होणाऱ्या एका सर्जनने त्याला आपला जुना फ्लाय फिशिंगचा, म्हणजे नदीत उभं राहून मासे धरायचा रॉड दिला आणि माझे रविवार संपले. उन्हाळा आला की पाण्यात उतरायची छातीपर्यंतची रबरी विजार, ते वेडर्स, गाडीत टाकून हा पसार. संध्याकाळी रिकाम्या हाताने, पण गालात हसत घरी.

आता यातली गंमत अशी... हा पुण्याचा, पक्का शाकाहारी. मी रेवदंड्याची, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली. लग्नानंतर मी मासे सोडले. कुणी बंदी घातली नव्हती, पण एवढ्याशा किचनमध्ये दोन वास नकोत म्हणून मीच सोडले. आणि ज्याच्यासाठी सोडले तो दर रविवारी माशांच्या मागे! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आठवडाभर घरात धड चार शब्द नाहीत, नदीचं नाव काढलं की मात्र चेहरा उजळायचा. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. नदीचं काय उपटणार?

शेवटी ठरवलं, ही आहे तरी कशी ते बघायचंच. मे महिन्यात एका बुधवारी लायब्ररीतून सुट्टी घेतली. नदीवरच्या त्याच्या फिशिंग गाईडचा, रॉनचा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होताच. माहेरच्या नावाने माझ्या एकटीसाठी एक दिवस बुक केला. बेत साधा होता... नदीतला एक ट्राउट मासा धरायचा, रवा लावून तळायचा आणि श्रीकांतच्या समोर बसून खायचा.

रॉन साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा, बडबड्या. त्याने मला उसने वेडर्स चढवायला लावले आणि पाण्यात उतरवलं. मांडीपर्यंत पाणी, मे असूनही पाय बधिर करणारं, आणि इतकं स्वच्छ की तळाचा खडा न् खडा दिसावा. मला आवडलीच ती नदी... आणि त्याचाच जास्त राग आला.

सकाळभर मी पिसांचा खोटा किडा पाण्यावर टाकत होते. दोनदा मासा वर आला, दोनदा मी लगेच हिसका दिला, दोनदा तो गेला. रॉन म्हणाला, "घाई नको. त्याने किडा तोंडात घेतला की मनात 'गॉड सेव्ह द क्वीन' म्हणायचं आणि मग रॉड उचलायचा." इथले जुने लोक म्हणे असंच करतात.

दुपारी काठावरच्या बाकावर मी डबा उघडला. थालीपीठ आणि लसणीची चटणी. रॉन डब्याकडे बघतच राहिला.

"हे तर डॉक्टरचं लंच! दर रविवारी अर्धं मला देतो तो."

म्हणजे मी सकाळी उठून थापलेलं थालीपीठ हा खात होता! माझा चेहरा बघून रॉनला काय ते कळलं. "मग समुद्रकाठची बायको ती तुम्हीच," तो म्हणाला. "तुम्ही त्याच्यासाठी मासे सोडलेत आणि कधी बोलून दाखवलं नाहीत, असं सांगतो मला. स्वतः धरलेला एक तरी तुम्हाला खायला घालायचाय त्याला. पण दोन सीझन झाले, लागतोय कुठे? हा राणीचं नाव घ्यायलासुद्धा थांबत नाही."

थालीपीठाचा तुकडा हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, पण राग काही जाईना. हे रॉनला सांगितलंस, मला का नाही? घरी 'मीठ हवंय का' विचारलं तर उत्तर यायला पाच मिनिटं लागतात आणि इथे परक्या माणसाशी एवढ्या गप्पा! आता मला नदीच्या जोडीला रॉनचाही हेवा वाटायला लागला.

जेवून पुन्हा पाण्यात उतरले. झाडाच्या सावलीत पाण्यावर एक छोटंसं वर्तुळ उठलं. तिथे किडा टाकला आणि तो गडप झाला. ऐनवेळी राणी काही आठवेना... मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं आणि रॉड उचलला.

लागला! रॉन जाळी घेऊन धावला. सोनेरी पोट, अंगावर तांबडे ठिपके, बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा.

"न्यायचा का घरी? एक नेता येतो," रॉनने विचारलं. घरी ओट्यावर रवा काढून ठेवलेला होता. इतक्या वर्षांनी तोंडाला पाणी सुटलं होतं...

"सोडू या," मी म्हणाले. आमच्या घरात येणारा पहिला मासा श्रीकांतचाच असायला हवा होता. पाण्यात हातावर धरला, क्षणभर थांबला आणि गेला.

रॉनच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या रविवारी श्रीकांत तोंड पाडून घरी आला. "पहिल्याच दिवशी?" एवढंच विचारलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जळत होता नुसता! इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग दया येऊन मीच सांगितलं... राणीला सोड, बाप्पाचं नाव घे.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी तो दारात उभा होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन, तान्हं बाळ धरल्यासारखा. मी साफ केला, रवा लावून तळला. श्रीकांतने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मी शेवटचा काटा चोखेपर्यंत समोरून हलला नाही.

खरं सांगू? गोड्या पाण्यातला मासा, चवीला फिकाच. आमच्या बांगड्याची सर नाही. पण हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही आणि सुदैवाने तो फेसबुकवर नाही.

आज रविवार. सत्तरी ओलांडलेला श्रीकांत सकाळीच वेडर्स आणि थालीपीठं घेऊन गेलाय. नदीचे आभार मानायला हवेत, मानते. एक मासा दिला तिने मला... माझे रविवार मात्र अजून परत दिले नाहीत बयेने!