पुलापाशी मी हाय

फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या भावंडांची कादंबरी वाचतोय. मलपृष्ठावर तिला ‘महासागरी महागाथा’ म्हटलंय. आमचा महासागर म्हणजे काष्टीजवळचा कालवा, आणि फळी म्हणजे ट्रॅक्टरची ट्यूब. तिचा उन्हात तापलेल्या रबराचा वास पान उलटताना आठवला.

पुलाखाली पाणी बोगद्यात शिरायचं. म्हणून दादा आधी पोहत जाई आणि मला ओढून घ्यायला पुलाच्या पायऱ्यांवर उभा राही.

“सोड की काठ, भित्र्या! पुलापाशी मी हाय.”

“न्हाई धरलंस तर?”

“तर आई मला जेवायला घालंल व्हय?”

दादा गेल्या वर्षी वारला. मेल्यावर कुणी कुठे वाट बघत असतं, असं मी मानत नाही. तरी काल कालव्याला पाणी आलं, आणि पुलावरून जाताना मी पायऱ्यांकडे बघितलंच.