हाताळणीतील चूक

सुंदरम्मा भवानी पेठेत राहते. बावीस वर्षं ती एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. गेल्या वर्षी तिथं पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी नवं स्टेपलर आलं. जठर कापता कापताच कडेला बारीक पिना मारून शिवणारं. माणसांवर चाचणी घेण्याआधी पाच डुकरांच्या जठरांवर ते वापरून बघितलं. शिवलेल्या जठरांत निळं पाणी भरलं, तर दोनांतून ते टेबलावर गळलं.

स्टेपलर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं अहवालात लिहिलं, 'हाताळणीतील चूक.'

"कुणाच्या हाताची? दाबत तर तुम्हीच होता," सुंदरम्मा म्हणाली.

तो हसला. "सिस्टर, तुम्ही साक्षीदार म्हणून फक्त सही करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही न करता ती सर्जनकडे गेली. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "सुरुवातीला होतं असं. गुरुवारची पेशंट ठरलीय."

ती पेशंट वैजयंती, उजनीकाठच्या गावातली. वजनानं गुडघे गेलेले, त्यात शुगर. तिनं संमतीच्या पंधरा पानी इंग्रजी फॉर्मवर सही केली होती.

"यात काय आहे, कुणी सांगितलं?" सुंदरम्मानं तिला विचारलं.

"न्हाय की. नवं मशीन हाय, लई भारी, म्हनले."

सुंदरम्मानं कॉटवर बसून पानन् पान मराठीत सांगितलं. गळलेल्या दोन जठरांचंही सांगितलं. वैजयंतीचा चेहरा लाल झाला.

"म्हंजी माज्या पोटावर शिकनार व्हय? माजी सही खोडा. जुन्यानं करा, न्हायतर मी चालले घरी."

सर्जननं सुंदरम्माला सगळ्यांसमोर झापलं. "तुला वकील कुणी केलं गं?"

"अगं-तुगं करायचं नाही, साहेब. शिवण गळताना मी बघितलीय."

चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला तिनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. महिन्याभरात चाचणी थांबली; कारण दिलं, 'तांत्रिक'. वैजयंतीचं ऑपरेशन जुन्या स्टेपलरनं झालं, ती आता केळीच्या बागेपर्यंत चालत जाते. सुंदरम्माची मात्र थिएटरमधून बदली झाली, ओपीडीत पेशंटची वजनं करायला.

"थांबलं ना सगळं? आता सोड की," नवरा गुरुबसप्पा म्हणाला.

"का सोडू? एकानं तरी त्या बाईला म्हटलं का, आमचं चुकलं म्हणून?" तिनं ताट बाजूला सारलं. आज समितीला तिसरं पत्र लिहायचं होतं.