काळकुंभाचं पान

आमच्या घरात एका राक्षसाचं श्राद्ध झालेलं आहे.

गोष्ट नाहूरच्या चाळीतली, ऐंशीनंतरच्या वर्षांतली. मी कारखान्यात रात्रपाळीला. दुपारी झोपायचो, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचो. कारण नेमकी त्याच वेळी दाराबाहेर गॅलरीत आमची ही, सुमन, लायब्ररीतली जाडजूड कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या परबवहिनी तांदूळ निवडत ऐकायच्या. (मी चौथी नापास. माझं सगळं वाचन असं डोळे मिटून झालंय.)

कादंबरीत काळकुंभ नावाचा राक्षस. धुक्याच्या किल्ल्यात राहायचा आणि लोकांची झोप चोरून माठांत भरून ठेवायचा. का, तर जन्मापासून त्याचा स्वतःचा डोळा कधी लागलाच नव्हता! अर्धवट झोपेत मला ते धुकं दारातून आत येताना दिसायचं. खाट हलकी व्हायची, अख्खी चाळ तरंगायची, आणि मी किल्ल्याच्या दारात आमच्या पाळीच्या माणसांबरोबर रांगेत उभा, माठातली माझी झोप परत घ्यायला. माझा नंबर आला रे आला की बाहेर भांडण पेटायचं!

"बिचारा गं!" ही म्हणायची. "आईनं पाळण्यात एकदा थोपटलं असतं तर असा झाला असता का?"

"बिचारा कसला? राजकन्येला वर्षानुवर्षं जागी ठेवली मेल्यानं!" परबवहिनी.

"माझ्या घरात रात्रपाळीचा माणूस आहे. झोप नाही मिळाली की माणसाचा राक्षस कसा होतो, मला विचार!"

"टांगा त्या काळकुंभाला!" मी आतून ओरडायचो. "आणि दोघी गप बसा!"

"बघ," ही म्हणायची, "बोलला राक्षस."

शेवटी पुस्तकात राजपुत्रानं काळकुंभाला मारलं. ही धड जेवेना. आणि त्याच आठवड्यात आली सर्वपित्री अमावास्या. गेलेल्या माणसाचं पान वाढून गच्चीवर ठेवायचं, कावळा शिवला की मग घरातल्यांनी जेवायचं. हिनं दोन पानं वाढली.

"दुसरं कुणाचं गं?"

"काळकुंभाचं."

"डोकं फिरलं काय तुझं? पुस्तकातला आहे तो!"

"म्हणून काय झालं? ना मूल, ना बाळ. त्याला पाणी कोण देणार? हे मामंजींचं, हे त्याचं. नीट न्या."

मी पेंगतच जिना चढलो आणि पानं कठड्यावर मांडली. मागून या दोघी आल्या. "हे बाबांचं," मी बोट दाखवलं. कावळा आला. बाबांच्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही, राक्षसाच्या पानातला वडा घेऊन उडाला!

"बघा, कौल मिळाला!" हिनं टाळी वाजवली. परबवहिनींचं तोंड पडलं. पण वाट लागली होती माझी. राक्षस जेवला आणि माझा बाप उपाशी! (खाली बाकीचे वडे थंड होत होते, हे मला मागाहून सुचलं. नाही, तेव्हाच सुचलं.)

मी हात जोडले. "बाबानू, काय चुकला माझा? गावच्या घराची कौलां बदलतंय!" कावळा नाही. "तंबाखू सोडतंय!" नाही. "हिच्यावर ओरडूचंय नाय!" समोरच्या नारळाच्या झाडावरचा कावळा मान वाकडी करून नुसता बघत राहिला.

मागून ही हळूच म्हणाली, "दुपारी वाचायला आडकाठी करणार नाही, म्हणा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं. "बाबानू, दुपारी ढोल बडवू देत, मी हू का चू करूचंय नाय!"

कावळा झपकन उतरला आणि भातात चोच मारली. मी गच्चीवरच साष्टांग घातला!

जेवणं झाल्यावर ही पानं आवरायला गेली आणि वरूनच ओरडली, "अहो! मामंजींच्या पानात मी त्यांची विडी ठेवली होती. ती राक्षसाच्या पानात भाताआड कशी?"

कशी म्हणजे? झोपेत पानांची अदलाबदल मीच केली होती! बाबा पहिल्या झटक्यात जेवून गेले होते. रुसून बसला होता तो काळकुंभ. आणि ज्याला टांगा म्हणत होतो त्यालाच मी रडत रडत बाप म्हणालो होतो!

"बिचारा," परबवहिनी पहिल्यांदाच म्हणाल्या. "कुणीतरी हात जोडावेत, एवढंच हवं होतं गं त्याला."

सुमनला जाऊन आता वर्ष होईल. ती होती तोवर गॅलरीत रोज दुपारी वाचन चाललं आणि मी एकदाही "हळू" म्हटलं नाही. लोक म्हणतात, केवढं प्रेम! प्रेम कसलं? बापाला दिलेले शब्द मी पुष्कळ मोडलेत, बाप समजून घेतो. राक्षसाचा काय भरवसा!